नैसर्गिक दात आणि मुखकार्य

मुखकार्य म्हणजे अन्न तोडणे, चावणे, त्याचा घास बांधून गिळणे, शब्द उच्चारणे, पदार्थाचा स्पर्श व पोत जाणणे आणि चेहऱ्याच्या खालच्या भागाला आधार देणे या तोंडाच्या दैनंदिन क्रियांचा समुच्चय होय. प्रौढ व वृद्ध व्यक्तीच्या तोंडात स्वतःचे किती दात शिल्लक आहेत, ते कोठे आहेत आणि समोरच्या जबड्यातील दातांशी त्यांची गाठ पडते की नाही, यांवर या क्रियांची गुणवत्ता मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. या लेखात नैसर्गिक दात टिकण्याचा मुखकार्याशी असलेला संबंध मुख्यतः सातारा व सांगली या जिल्ह्यांतील आहार, बोली आणि सवयी यांच्या संदर्भात मांडला आहे.

हे दोन्ही जिल्हे मुळात एकाच प्रदेशाचे भाग आहेत. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा हा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली असे ठेवण्यात आले. २०११ च्या जनगणनेनुसार सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३०,०३,७४१ आणि सांगली जिल्ह्याची २८,२२,१४३ होती. सातारा जिल्ह्यातील अनेक कुटुंबांतील कमावती माणसे मुंबई-पुण्यास असतात व गावी वडीलधारी मंडळी राहतात. त्यामुळे उतारवयात तोंड कितपत चालते, हा प्रश्न येथील घराघरांतील स्वयंपाकाशी थेट जोडलेला आहे.

दातांची कामे

प्रौढ माणसाच्या पूर्ण दंतपंक्तीत ३२ दात असतात : आठ पटाशीचे दात, चार सुळे, आठ उपदाढा आणि अक्कलदाढांसह बारा दाढा. पटाशीचे दात तोडतात, सुळे धरून फाडतात, उपदाढा व दाढा भरडतात व दळतात. जात्याची खालची तळी स्थिर असते आणि वरची फिरते. तोंडात याच्या उलट वरचा जबडा स्थिर राहून खालचा हलतो. तत्त्व मात्र एकच आहे. दोन पृष्ठभाग एकमेकांवर आले तरच दळण होते.

दात जबड्याच्या हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्या मध्ये तंतूंचा एक अतिशय पातळ थर असतो. त्यास परिदंत बंध, दंतवैद्यांच्या भाषेत पेरिओडॉन्टल लिगामेंट, म्हणतात. त्याची जाडी मिलिमीटरच्या पाव भागाच्या आसपास असते. हा थर चावण्याचा दाब झेलतो आणि त्याचबरोबर स्पर्शेंद्रियाचेही काम करतो. भाकरीच्या घासातील बारीक खडा दाताखाली येताच माणूस क्षणात चावणे थांबवतो, ते या थरातील संवेदी मज्जातंतूंमुळे. नैसर्गिक दात असणाऱ्या व्यक्तीस दोन दातांमध्ये ठेवलेला मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतका पातळ पापुद्राही जाणवू शकतो. एखाद्या दातावर किती जोर लावायचा, घास अजून किती चावायचा आणि तो गिळण्याजोगा झाला की नाही, याचे मोजमाप मेंदूला याच मार्गाने मिळते.

दात काढला की हा बंधही जातो. दंतप्रत्यारोपणातील धातूचा खुंट हाडाशी थेट सांधला जातो. तो भक्कम असतो, पण त्याभोवती परिदंत बंध पुन्हा तयार होत नाही. म्हणून नैसर्गिक दात व त्याची प्रतिकृती यांतील फरक केवळ मजबुतीचा मानणे अपुरे ठरते.

किती दात पुरेसे असतात

जागतिक आरोग्य संघटनेने १९९२ मध्ये मौखिक आरोग्याचे उद्दिष्ट म्हणून, कृत्रिम दातांची गरज न पडता किमान वीस नैसर्गिक दात आयुष्यभर टिकावेत, असा निकष मांडला. त्याआधी १९८१ मध्ये नेदरलँड्समधील नाइमेखन येथील आर्न्ड कायझर यांनी आखूड दंतपंक्तीची संकल्पना मांडली होती. पुढचे सर्व दात आणि उपदाढा शाबूत असतील, तर मागच्या दाढा नसतानाही बहुतेक प्रौढांचे चावणे समाधानकारक राहते, असे तिचे सार आहे. जपानमध्ये १९८९ पासून ‘८०२०’ ही मोहीम राबवली जाते. वयाच्या ऐंशीव्या वर्षी वीस दात, असा तिचा अर्थ. मोहिमेच्या प्रारंभी हे लक्ष्य गाठणाऱ्या वृद्धांचे प्रमाण दहा टक्क्यांहूनही कमी होते. २०१६ च्या तेथील सर्वेक्षणात ते निम्म्यावर गेले.

वीस हा आकडा सोयीचा असला तरी तो एकटाच फसवा ठरू शकतो. एखाद्याच्या वरच्या जबड्यात दहा दात उजवीकडे व मधोमध आहेत आणि खालच्या जबड्यात उरलेले दात डावीकडे आहेत, असे झाल्यास दातांची संख्या बरी दिसते, पण दळणाऱ्या जोड्या जवळजवळ नसतात. म्हणूनच १९५५ मध्ये आयखनर यांनी सुचवलेल्या वर्गीकरणात दात मोजण्याऐवजी दोन्ही बाजूंच्या उपदाढा व दाढा मिळून होणाऱ्या चार आधारक्षेत्रांपैकी किती ठिकाणी वरखाली दात टेकतात, हे पाहिले जाते. गावाकडील वृद्ध “या अंगानं चावतंय, त्या अंगानं न्हाई” असे सांगतात, तेव्हा ते नेमकी हीच माहिती देत असतात.

वरची एक दाढ गेली की तिच्या खालची दाढ शाबूत असूनही निरुपयोगी होते. कालांतराने ती रिकाम्या जागेकडे वर सरकू लागते आणि शेजारचे दात कलतात. एका दाढेच्या जाण्याने प्रत्यक्षात दोन दाढांचे काम थांबते. याच कारणाने शेवटची उरलेली जोडी वाचवणे हे आणखी एखादा सुटा दात वाचवण्यापेक्षा अधिक मोलाचे असते.

चावण्याची क्षमता मोजण्याची एक जुनी पद्धत या प्रदेशाला ओळखीची वाटेल अशी आहे. १९५० मध्ये मॅनली व ब्रेली या अमेरिकी संशोधकांनी ठरावीक वजनाचे शेंगदाणे ठरावीक वेळा चावायला देऊन, तोंडातील भरड बाहेर घेऊन ती चाळणीतून चाळली व किती भाग बारीक झाला यावरून चावण्याची कार्यक्षमता काढली. आता त्यासाठी दोन रंगांचे च्युइंगगमही वापरतात. रंग जितके एकजीव, तितके चावणे चांगले. या चाचण्यांखेरीज व्यक्तीचा स्वतःचा अनुभव नोंदवणाऱ्या प्रश्नावल्या आहेत. १९९० मधील बारा प्रश्नांची ‘गोहाय’ आणि १९९७ मधील चौदा प्रश्नांची ‘ओहिप-१४’ या त्यांपैकी अधिक वापरल्या जातात. गोहायमध्ये चावण्या-गिळण्याच्या अडचणींबरोबरच चारचौघांत जेवताना अवघडल्यासारखे होते का, असाही प्रश्न आहे. पंगतीला बसण्याऐवजी ‘मला मागनं वाढा’ म्हणणाऱ्या वृद्धांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष लागू पडतो.

सातारा-सांगलीच्या आहाराचा संदर्भ

वर उल्लेखिलेले निकष युरोप व जपानमधील आहाराच्या पार्श्वभूमीवर तयार झाले आहेत. मऊ भात किंवा पाव खाणाऱ्याला जे दात पुरतात ते भाकरी खाणाऱ्याला पुरतीलच असे गृहीत धरणे योग्य नाही. माण, खटाव, जत, आटपाडी व कवठेमहांकाळ या कमी पावसाच्या पूर्वेकडील तालुक्यांत शाळू म्हणजे रब्बी ज्वारी आणि बाजरी यांची भाकरी मुख्य अन्न आहे. पाटण, जावळी व महाबळेश्वर या पश्चिमेकडील डोंगरी भागात भात व नाचणी अधिक खाल्ली जाते. कृष्णाकाठी ऊस आहे. तासगाव परिसरात द्राक्षे व बेदाणे आहेत. एकाच दंतस्थितीची दोन माणसे पाटणला आणि जतला वेगवेगळ्या प्रमाणात अडचणीत येतात, ती यामुळे.

ताजी भाकरी मऊ असते. तिचा पापुद्रा व कडा मात्र चिवट असतात आणि दुसऱ्या दिवशीची शिळी भाकरी तर दाढांशिवाय चावतच नाही. पटाशीचे दात नसले तरी भाकरी हाताने मोडून खाता येते. येथील जेवणात चाकू-काट्याऐवजी बोटे वापरली जात असल्याने पुढच्या दातांची उणीव काही अंशी भरून निघते. दाढांची उणीव अशी भरून निघत नाही. दाढा गेलेली व्यक्ती भाकरी दुधात, ताकात किंवा आमटीत कुस्करते, कडा बाजूला काढून ठेवते आणि हळूहळू भाकरीऐवजी भाताकडे वळते.

दात गेल्यावर आहारातून काय वगळले जाते हे पाहिल्यास एक ठरावीक क्रम आढळतो. सर्वप्रथम उसाचे कांडे सुटते. ऊस सोलण्यास सुळे व उपदाढा, पेर फोडण्यास दाढा आणि चोथा पिळण्यास दोन्ही बाजूंचा जोर लागतो. नंतर भाजलेल्या शेंगा, फुटाणे आणि हुरडा जातो. सांगलीचे भडंग त्यातील शेंगदाणे वेचून टाकून काही काळ खाल्ले जाते, पुढे तेही सुटते. साताऱ्याच्या कंदी पेढ्याला दात लागत नाहीत आणि तो शेवटपर्यंत टिकतो, ही गंमतीची बाब पोषणाच्या दृष्टीने तितकीशी गंमतीची नाही. भाकरीबरोबर कच्चे खाल्ले जाणारे कांद्याची पात, मुळा, गाजर, काकडी, मेथीची कोवळी पाने हे पदार्थ फारशी चर्चा न होता ताटातून नाहीसे होतात. मटणाच्या जेवणात रस्सा राहतो, फोडी उरतात.

ब्रिटनमध्ये ६५ वर्षांवरील व्यक्तींच्या आहाराचे व दातांचे एकत्रित सर्वेक्षण १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात नैसर्गिक दात असणाऱ्यांच्या तुलनेत दंतहीन व्यक्तींच्या आहारात तंतुमय पदार्थ, फळे व भाज्या कमी आणि रक्तातील क जीवनसत्त्वाची पातळी खालावलेली आढळली. मधुमेह असलेल्या वृद्धाने भाकरी व कोशिंबीर सोडून मऊ भात, चहात बुडवलेली बिस्किटे किंवा खारी यांवर भागवणे, हा याच प्रक्रियेचा येथील परिचित आविष्कार होय. वैद्य पथ्य सांगतो ते नेमके चावून खाण्याचे असते, आणि रुग्णाच्या तोंडाची तपासणी त्या वेळी बहुधा झालेली नसते.

दुसरी बाजूही नोंदवणे आवश्यक आहे. या प्रदेशाच्या पारंपरिक स्वयंपाकात दात नसलेल्यांना सकस ठरणारे अनेक पदार्थ आहेत. ताकातल्या ज्वारीच्या कण्या, आंबील, हुलग्याचे माडगे, नाचणीची लापशी, मऊ शिजवलेला अख्खा मसूर, पिठले व शेंगदाण्याची कुटलेली चटणी यांत प्रथिने व ऊर्जा मिळते आणि चावण्याचे काम चूल, जाते किंवा खलबत्ता यांनी आधीच केलेले असते. पान खाणाऱ्या वृद्धांच्या चंचीबरोबर असणारा छोटा पितळी खलबत्ता हे तर दाढांचेच हातातील रूप म्हणता येईल. त्यामुळे दंतहीनता म्हणजे कुपोषण असे सरसकट समीकरण मांडता येत नाही. ज्या घरात असे वेगळे शिजवून देणारे कोणी असते आणि ज्या घरात वृद्ध एकटे असतात, त्यांतील अंतर मात्र दात गेल्यावर वाढते.

‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण ऐपत आणि उपभोग यांच्या चुकामुकीबद्दल वापरली जाते. तिचा शब्दशः अर्थही येथे लागू पडतो.

उच्चारांवरील परिणाम

मराठीत दातांच्या आधाराने होणारे उच्चार बरेच आहेत. त, थ, द, ध हे दंत्य वर्ण जिभेचे टोक वरच्या पटाशीच्या दातांच्या मागे टेकून उच्चारले जातात. व हा दंत्योष्ठ्य आहे. स उच्चारताना हवेचा अरुंद झोत पटाशीच्या दातांच्या कडांवर आपटून शीळेसारखा आवाज होतो. त्याशिवाय मराठीत च, ज, झ या वर्णांचे दोन-दोन उच्चार आहेत. चहा, चिंच, जेवण यांत ते तालव्य असतात, तर चटणी, चूल, जोंधळा, झाड यांत दंततालव्य. लिपीत हा फरक दाखवला जात नाही, पण ऐकणारा तो अचूक ओळखतो. ‘जग’ हा शब्द एका उच्चाराने विश्व होतो आणि दुसऱ्या उच्चाराने जगण्याची आज्ञा.

पुढचे दात गेल्यावर दंततालव्य उच्चार आणि स यांना सर्वाधिक बाधा येते. हवा पसरते, स चा उच्चार श किंवा थ कडे झुकतो, आणि ‘चटणी’तील च बोथट होतो. ओठांना आतून आधार नसल्याने प, ब, म हे ओष्ठ्य वर्ण मात्र सहज, किंबहुना जरा अधिकच ठळक होतात. बोळक्या तोंडाच्या आजीची नक्कल करणारी मुले याच लकबी उचलतात. बहुतेकांची जीभ काही आठवड्यांत नव्या जागा शोधते व बोलणे पुष्कळसे सुधारते; चावण्याच्या बाबतीत अशी आपोआप भरपाई होत नाही. कीर्तनकार, भजनी मंडळातील गायक, शिक्षक आणि फोनवरून नातलगांशी बोलणारे वृद्ध यांना या बदलाची झळ अधिक लागते. फोनवर ओठांच्या हालचाली दिसत नसल्याने अस्पष्ट उच्चार सावरून घेण्याचे साधन ऐकणाऱ्याकडे राहत नाही.

कवळीची मर्यादा

सर्व दात गेल्यावर बसवल्या जाणाऱ्या काढत्या-घालत्या दंतपंक्तीस कवळी म्हणतात. कवळीने चेहऱ्याची ठेवण सुधारते, उच्चार बरेचसे पूर्ववत होतात व मऊ ते मध्यम कठीण अन्न चावता येते. मात्र निरोगी दाढांवर प्रौढ माणूस साधारण ५० ते ७० किलोग्रॅम भाराइतका जोर लावू शकतो, तर पूर्ण कवळी वापरणाऱ्याचा जोर त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शापर्यंत खाली येतो. घास बारीक करण्यास त्याला अधिक वेळा चावावे लागते आणि तरीही तो मोठे तुकडे गिळतो.

याचे कारण आधाराच्या क्षेत्रफळात आहे. एका जबड्यातील सर्व दातांच्या मुळांभोवतालचा परिदंत बंध पसरला तर सरासरी सुमारे ४५ चौरस सेंटिमीटर भरतो. कवळीला टेकण्यासाठी वरच्या जबड्यात सुमारे २३ आणि खालच्या जबड्यात अवघे १२ चौरस सेंटिमीटर मिळतात, आणि तेही दाब सोसण्यासाठी न घडलेल्या हिरडीचे. वरची कवळी टाळूवर पसरते व लाळेच्या पातळ थरामुळे चिकटून राहते. खालची कवळी घोड्याच्या नालेच्या आकाराची असून जीभ व गाल तिला सतत उचलत असतात. कवळी वापरणाऱ्यांच्या बहुतेक तक्रारी खालच्या कवळीच्याच असतात, आणि गावोगावी डबीत पडून राहिलेल्या कवळ्यांमध्येही तिचीच संख्या अधिक असण्यामागे हेच कारण आहे.

दात गेल्यावर जबड्याचे हाड झिजू लागते. झीज पहिल्या वर्षात सर्वाधिक असते व नंतर मंदावते, पण थांबत नाही. टालग्रेन यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, पंचवीस वर्षांपर्यंत पाठपुरावा केलेल्या अभ्यासात खालच्या जबड्याच्या पुढील भागाची झीज वरच्यापेक्षा सुमारे चौपट आढळली. आज घट्ट बसलेली कवळी काही वर्षांनी सैल होते ती यामुळे. कवळी मात्र ‘खराब निघाली’ म्हणून दोषी ठरते. कवळीचे अस्तर ठरावीक काळाने नवे करावे लागते, ही माहिती अनेकांना कवळी देताना मिळालेली नसते.

एखाद-दुसरा दात किंवा नुसती मुळे राखून ठेवण्याचे महत्त्व येथे स्पष्ट होते. वरून हलणारा वा तुटलेला सुळा कापून हिरडीच्या पातळीवर आणतात, मुळाचा उपचार करतात व त्यावर कवळी बसवतात. या पद्धतीस ओव्हरडेंचर म्हणतात. क्रम व रूनी यांनी १९७८ मध्ये नोंदवल्याप्रमाणे, खालचे सुळे अशा रीतीने राखलेल्या रुग्णांत पाच वर्षांत पुढील हाडाची झीज सरासरी ०.६ मिलिमीटर झाली, तर सर्व दात काढून साधी कवळी दिलेल्यांत ती ५.२ मिलिमीटर होती. राखलेल्या मुळाभोवतीचा परिदंत बंध शाबूत राहत असल्याने चावण्याची जाणीवही काही प्रमाणात टिकते. ‘दोनच राहिलेत, तेही काढून टाका’ ही रुग्णाची वा नातेवाइकांची मागणी दंतवैद्याने लगेच मान्य करू नये, असे या निष्कर्षांवरून म्हणता येते. नैसर्गिक मुळे उरलीच नसतील, तर खालच्या जबड्यात दोन प्रत्यारोपित खुंटांवर कवळी बसवणे हा पहिला पर्याय मानावा, असे मॅकगिल विद्यापीठातील तज्ज्ञांच्या परिषदेने २००२ मध्ये सुचवले. खर्चामुळे ग्रामीण भागात हा पर्याय थोड्यांनाच परवडतो.

दात का जातात

वाढत्या वयाबरोबर दात पडणारच, हा समज या भागातही सर्वत्र आहे. प्रत्यक्षात दात वयाने पडत नाहीत; दंतक्षय म्हणजे कीड आणि परिदंत रोग म्हणजे हिरड्या व हाड यांचा विकार ही त्याची दोन मुख्य कारणे होत. परिदंत रोग बराच काळ दुखत नाही. हिरड्यांतून रक्त येणे, दात लांब दिसू लागणे, फटी पडणे व शेवटी दात हलणे अशा पायऱ्यांनी तो वाढतो आणि रुग्ण बहुधा शेवटच्या पायरीवर येतो. अनियंत्रित मधुमेहाने हा रोग बळावतो व रोग बळावल्याने रक्तातील साखर आटोक्यात ठेवणे अवघड होते.

पश्चिम महाराष्ट्रातील विशेष कारण म्हणजे मिश्री. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून तिची पूड करतात व ती बोटाने दातांना आणि हिरड्यांना घासतात. सीमाभागातील निपाणीचा पट्टा तंबाखूसाठी प्रसिद्ध असून सातारा, सांगली व कोल्हापूर या भागांत मिश्रीचा वापर जुना आहे, विशेषतः स्त्रियांमध्ये. दातदुखीवर उपाय किंवा दात घासण्याचे साधन म्हणून ती सुरू होते आणि निकोटिनमुळे दिवसातून तीन-चार वेळा लावल्याशिवाय चैन पडत नाही. धूम्रपान वा विड्यातील तंबाखूस जसा सामाजिक अटकाव होता तसा दात घासण्याच्या नावाखाली चालणाऱ्या मिश्रीस नव्हता. मिश्रीने दात काळे पडतात, हिरड्या मागे सरतात, मुळे उघडी पडतात व मुखकर्करोगाचा धोका वाढतो. राखुंडी किंवा विटेच्या भुकटीने घासण्यात तंबाखू नसते, पण या खरखरीत पदार्थांनी हिरडीलगत दाताला खाच पडते व गार पाणी झोंबू लागते.

सुपारी व गुटखा यांनी होणारा नुकसानीचा प्रकार वेगळा आहे. तोंडातील अस्तर कडक होऊन तोंड उघडणे कमी होते. या विकारास ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. तिखट अजिबात न सोसणे हे त्याचे एक आरंभीचे लक्षण होय. ठेचा, खर्डा व लाल तिखटावर वाढलेल्या माणसाला अचानक भाजीही झोंबू लागली, तर त्याकडे दुर्लक्ष करू नये. या विकारात सर्व दात शाबूत असूनही मुखकार्य ढासळते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे.

वरची दाढ काढली की डोळे अधू होतात, ही समजूतही प्रचलित आहे. दात व दृष्टी यांच्या मज्जातंतूंचे मार्ग वेगळे असून या समजुतीस आधार नाही. तिच्यामुळे दात वाचतो असेही नाही. किडलेली दाढ उपचाराविना तोंडात राहते, संसर्ग मुळाशी पसरतो आणि मुळाच्या उपचाराने वाचू शकली असती अशी दाढ अखेर काढावीच लागते.

उपचारांची उपलब्धता

कराडजवळील मलकापूर येथे कृष्णा विश्व विद्यापीठाचे दंतविज्ञान महाविद्यालय, तर सांगलीत भारती विद्यापीठाचे दंत महाविद्यालय व कवलापूर येथे वसंतदादा पाटील दंत महाविद्यालय आहे. दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयांत शिकाऊ दंतवैद्य अध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात व दर खासगी दवाखान्यांपेक्षा सामान्यतः कमी असतात. त्या बदल्यात फेऱ्या अधिक माराव्या लागतात. माण किंवा जतच्या वृद्धासाठी प्रत्येक फेरी म्हणजे एसटीचा दिवसभराचा प्रवास आणि सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज. मुळाच्या उपचाराला अनेकदा दोन-तीन फेऱ्या लागतात, दात काढण्यास एक. दात वाचवायचा की काढायचा, हा निर्णय अनेकदा या हिशेबावर होतो.

केंद्र शासनाचा राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ मध्ये सुरू झाला. २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठ नागरिकांना काठी, श्रवणयंत्र, चष्मा यांबरोबर कवळीही विनामूल्य देण्याची तरतूद आहे. कवळी इतर साधनांसारखी तयार मापाची देता येत नाही. तोंडाचा साचा घेणे, चाव ठरवणे, मेणावर दात बसवून पाहणे व नंतर टोचणाऱ्या जागा घासून देणे यांसाठी दंतवैद्याकडे अनेक भेटी लागतात. पात्रता नसलेल्या व्यक्तींकडून एका बैठकीत ‘पक्के’ बसवून घेतलेले दात हिरडीला व शेजारच्या दातांना प्लॅस्टिकने सांधलेले असतात. ते काढून स्वच्छ करता येत नाहीत आणि त्यांखाली अन्न कुजून आधाराचे चांगले दातही हलू लागतात. भारतात दंतवैद्यकाचा व्यवसाय दंतवैद्य अधिनियम, १९४८ अन्वये नोंदणीकृत व्यक्तींनाच करता येतो.